गळ आणि तळे
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या कुटुंब-मेळाव्यातील भाषण)



मुलांस घेऊन तळ्यावर मासे धरावयास जावे, असे मी सुचविले तेव्हा समितीतील काही सभासदांस हसू आले. माशांशी आपला संबंध बाजारात भाव करण्यापुरता उरला आहे, हेच त्या हसण्याचे कारण असावे. वस्तुतः या बेटांवरील आद्य वस्ती कोळ्यांची. माहीम व वरळी येथील कोळीवाडे आजही शहराच्या मध्यभागी नांदत आहेत. असे असता चौथ्या मजल्यावर वाढणाऱ्या आपल्या मुलास बोय कोणती व शिंगाळी कोणती हे कळू नये, ही खेदाची गोष्ट होय.

अमेरिकेतील मिसूरी राज्याचे संवर्धन-खाते सेंट लुईससारख्या शहरांच्या उद्यानांतील तळ्यांत मुद्दाम मासे सोडते, कुटुंबांस गळ टाकावयास शिकविते, आणि १५ वर्षांपर्यंतच्या मुलांस परवाना लागत नाही. मासा हा तेथे निमित्तमात्र आहे, असे मला वाटते. जो मुलगा दोन तास पाण्यावरील बुचाकडे दृष्टी लावून बसतो, त्यास पाण्याचा रंग, त्याचा वास आणि वाहत आलेली पिशवीही दिसू लागते. गाडीच्या खिडकीतून ती दिसत नाही.

आपल्या मिठी नदीचेच पाहा. विहार व पवई तलावांचे जादा पाणी घेऊन ती निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीस मिळते. एवढ्याशा वाटेत तिचे गटार झाले. कारखान्यांचे सांडपाणी, वस्त्यांचा मैला, काठावरील भराव ही कारणे आहेतच; परंतु आपल्या घरचा कचराही तीत आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ती नदी आहे हे पुष्कळांस प्रथमच उमगले.

तळ्यावर जाण्यापूर्वी ते ज्याच्या ताब्यात असेल त्याची परवानगी घ्यावी. पहिल्या पावसात ओढ्याने वर चढणारे वळगणीचे मासे धरू नयेत. (वसईकडील मंडळींस हे रुचणार नाही, वळगण म्हणजे त्यांचा सणच.) अंड्यांनी भरलेली एक मादी टोपलीत पडली की पुढल्या सालची असंख्य पिले तिच्याबरोबर गेली. समुद्रात यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ती याच हेतूने. घरच्या काचपेटीतील नकोसे झालेले मासे तळ्यात सोडण्यास कित्येक लोक दया समजतात; परंतु परका मासा मूळच्या माशांचे अन्न व अंडी खाऊन तळे बळकावू शकतो. तुटलेली नायलॉनची दोरी काठावर टाकू नये, पक्ष्यांच्या पायांस तिचा फास बसतो. मिठीसारख्या दूषित पाण्यातील मासा तर कोणीही रांधू नये.

काठी बांबूची चालेल. गळास गांडूळ लावणे मुलींसही शिकवावे. त्या शिसारी करतील ही आपलीच समजूत आहे. प्रत्येक कुटुंबाने एक रिकामे पोते बरोबर आणावे. मासा लागो वा न लागो, परतताना काठावरील प्लास्टिक त्यात भरून आणावयाचे आहे.