मुक्रर तारीख



अर्धापूरच्या केळीबागेत घड उतरवण्याचा दिवस दूरच्या बाजारपेठेची वाट लक्षात घेऊन ठरतो. माल हिरवा असतानाच कापला जातो, आणि ज्या घडातील फळांच्या कडा अद्याप गोलावल्या नसतील तो पुढच्या खेपेसाठी झाडावर राहतो, त्याच्यापायी भरलेली गाडी कोणी अडवून धरीत नाही. संगणकाच्या ज्या आज्ञावल्या काही माणसे वेतनावाचून, केवळ लोकोपयोगाच्या बुद्धीने रचतात, त्यांच्या नव्या आवृत्तीची तारीख ठरवतानाही हाच शिरस्ता असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कचेरीत वरिष्ठाच्या हुकुमाने काम मुदतीत उरकून घेता येते. स्वयंसेवकावर असा अंमल चालत नाही. नोकरी, अभ्यास, शेती यांतून उरलेले तास तो देतो, आणि ते केव्हा उरतील हे त्यालाही आगाऊ सांगता येत नाही. म्हणून ‘काम निर्दोष झाले की आवृत्ती काढू’ हा संकल्प कितीही सात्त्विक असला, तरी त्यातून दिरंगाईच पदरी पडण्याचा संभव फार. लिनक्सवर आधारलेली संगणकप्रणाली रचणाऱ्या आणि याच संकल्पाने चालणाऱ्या डेबियन या विख्यात प्रकल्पाची एक आवृत्ती जुलै २००२ मध्ये निघाली आणि तिच्यानंतरची जून २००५ मध्ये. उलट, लिनक्सवर पडद्याची मांडणी सांभाळणाऱ्या ग्नोम या प्रकल्पाने त्याच सुमारास सहामाही आवृत्तीचा नेम धरला, पुढे मार्च आणि सप्टेंबर हे महिने त्यासाठी रूढ झाले, आणि तो नेम आजतागायत चालू आहे. जे अंग सिद्ध नसेल ते मागे राहते. पुढची संधी सहा महिन्यांवर असल्याने अर्धकच्चे काम घाईने आत ढकलण्याचा मोह कोणास होत नाही.

मराठीचा संबंध येतो तो याच ठिकाणी. प्रकाशनापूर्वी काही आठवडे पडद्यावरील सर्व मजकूर गोठवला जातो, परवानगीवाचून त्यातला शब्दही बदलता येत नाही, आणि भाषांतरकाराला स्थिर मजकूर हाती मिळतो तो एवढ्याच अवधीत. सप्टेंबरच्या आवृत्तीसाठी हा अवधी ऑगस्टच्या आसपास पडतो, म्हणजे पोळा, गणपती, घरोघरच्या महालक्ष्म्या यांच्या ऐन गर्दीत. मार्चच्या आवृत्तीसाठी फेब्रुवारीच्या सुमारास, जेव्हा बारावीच्या परीक्षेने कित्येक घरे व्यापलेली असतात. जगाचे वेळापत्रक आपल्या पंचांगाप्रमाणे चालणार नाही. तेव्हा मराठी मंडळींनीच गोठवणीची वाट न पाहता आरंभीपासून थोडेथोडे भाषांतर करीत राहावे, प्रत्येक विभाग किमान दोघांकडे सोपवावा, आणि एखाद्यास सवड नसेल तर त्याने तसे निःसंकोच कळवावे. त्याबद्दल त्यास कोणी बोल लावू नये. प्रकाशनाच्या किल्ल्या आणि परवलीचे शब्द एकाच माणसाच्या हाती ठेवणे तर सर्वथा गैर आहे, कारण तो आजारी पडला की सगळा कारभार ठप्प होतो.

आपण जर स्वतःचा लहानसा प्रकल्प चालवीत असाल, तर प्रथम तारीख मुक्रर करा, ती सहा महिने आधी जाहीर करा, आणि वेळ अपुरा पडला तर आशय कमी करा. तारीख हलवू नका. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतील तरुणांना माझी विनंती आहे, की अशा एखाद्या प्रकल्पाच्या पुढील आवृत्तीची तारीख आजच पाहावी आणि त्यातील एक विभाग मराठीत आणण्याची जबाबदारी पत्करावी.