झाडांचे दप्तर : गणेशखिंडीची बाग

बाग म्हटली की कारंजी आणि फुलांचे ताटवे एवढेच चित्र शहरवासीयांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. वनस्पतिबाग ही निराळी संस्था होय. ग्रंथालयात जशी पोथी, तसे तेथे झाड. प्रत्येकास नाव, प्रत्येकाची नोंद आणि कोणते कोठून आले याचा हिशेब. असे झाडांचे दप्तर पाहावयाचे तर पुण्यास गणेशखिंडीत जावे.

या बागेची पूर्वज दापोडीची. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ साली पुण्यानजीक तेथे सरकारी बाग स्थापिली. १८३८ पासून सुमारे बावीस वर्षे तिचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या शल्यवैद्याकडे होता. १८४७ साली मुंबई इलाख्याच्या जंगलांचे संरक्षणही त्याच्याकडे आले. बागेतील वनस्पतींची चित्रे त्याने एका एतद्देशीय चित्रकाराकडून काढवून घेतली. पुढे बाग मोडली, चित्रकाराचे नावही मागे उरले नाही. परंतु ती चित्रे एडिंबरोच्या वनस्पतिबागेत आजही सुरक्षित आहेत.

१८७३ साली गणेशखिंडीत नवी बाग उभी राहिली. जवळच गव्हर्नरांचा प्रासाद होता. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत ती हीच. बागेचे अधीक्षक वुड्रो यांनी बागकामावर आणि आंब्यावर इंग्रजीत पुस्तके लिहिली. आंब्याकडे एवढे लक्ष का, याचे कारण शास्त्रीय आहे. कोयीतून उगवलेले झाड आईसारखेच फळ देईल असा भरवसा नसतो, कारण मोहोरावर कोणत्या झाडाचा पराग पडला हे कोणासच ठाऊक नसते. रायवळ आंबा झाडागणिक निराळा लागतो तो यामुळेच. आवडलेले फळ टिकवावयाचे तर त्या झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधून कलम करावे लागते. मूळ झाड वठले तरी कलमाच्या रूपाने तेच पुढे जगते. ठरवून दोन जातींचा संकर करण्याचे प्रयोग बर्न्स आणि प्रयाग या संशोधकांनी पुण्यात १९११ साली आरंभिले. आंब्यावरील त्यांचा ग्रंथ १९२१ साली निघाला.

पेरूची हकीकतही अशीच बोधप्रद आहे. डॉ. चीमा यांनी गणेशखिंडीत पेरूच्या रोपांतून १९२७ साली एक निवडले. ‘लखनौ-४९’ या नावाने व पुढे ‘सरदार’ म्हणून त्याची कलमे देशभर गेली. नोंद ठेवली नसती, तर रांगेतील एक पेरू यापलीकडे त्या झाडास ओळख राहिली नसती. ही बाग आता महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे असून २०२० साली ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली.

आता पुण्याहून बोरघाट उतरून मुंबईकडे यावे. कल्याणच्या अलीकडे बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर लागतात. निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर हे नाव १९४९ साली मिळाले. अंबरनाथेस कारखाने आले. बदलापुरापर्यंत घरांची रांग पोहोचली. त्याच बदलापूरच्या जांभळास आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु मानांकन गावाच्या नावास मिळते. फळ धरावयाचे ते झाडानेच. बीपासून वाढलेल्या जांभळांतही आकार, गोडी आणि गराचे प्रमाण झाडागणिक बदलते. एखाद्याच्या वाडीतील टपोरे, लहान बियांचे जांभूळ इमारतीसाठी तोडले गेले, तर त्याजागी दहा रोपे लाविली तरी ते फळ परत येईल याची शाश्वती नाही.

तेव्हा प्रत्येक गावाने गणेशखिंडीएवढी बाग उभारावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु वाडीतील उत्तम झाडाचा ठिकाणा एका वहीत लिहून ठेवणे, त्याची काडी जाणत्या माळ्याकडून वेळीच कलमास लावणे, आणि ते कलम शाळेच्या किंवा देवळाच्या आवारात जगविणे, एवढे तर कोणत्याही कुटुंबास साधण्याजोगे आहे. मात्र हे सारे कुऱ्हाड पडण्यापूर्वी झाले पाहिजे. तोडलेल्या झाडाच्या वाळल्या फांदीवर कलम बांधता येत नाही.