घाना, नायजेरिया आणि घाटाखालचा कापूस

(सोयगाव येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



घानाचं सोयगावला काय, असं कुणीतरी मागे पुटपुटलं. सांगतो. नोव्हेंबर २०१० मध्ये घानाने हिशेबाचं आधारवर्ष १९९३ वरून २००६ वर आणलं आणि राष्ट्रीय उत्पन्न कागदावर सुमारे ६० टक्क्यांनी वाढलं. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियाने १९९० सोडून २०१० धरलं. वाढ ८९ टक्के! मोबाइल, सिनेमा ही नवी कमाई जुन्या तक्त्यात नीट मावतच नव्हती. दक्षिण आफ्रिका मागे पडली, खंडात तेव्हा नायजेरियाचा पहिला नंबर आला. त्या रात्री भाकरी मात्र कालच्याएवढीच. (हशा)

उत्पादन आणि खर्च अशा दोन बाजूंनी उत्पन्न मोजतात, हे तुम्ही जाणताच. १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबिसांबरोबर आपले धनंजयराव गाडगीळ होते. तो इतिहास मी उगाळत नाही. दोन्ही बेरजा जुळत नाहीत, म्हणून तक्त्यात ‘तफावत’ अशी ओळ येते. आपल्याकडे उत्पादनाची बाजू भक्कम मानून ती ओळ खर्चाकडे टाकतात. माझं म्हणणं एवढंच, की ज्या देशाची तफावत शून्य दिसते, त्याच्याकडे आधी संशयाने बघा. कित्येक देशांत घरगुती खर्च मोजतच नाहीत. बाकी सगळं वजा करून जे उरेल तो घरगुती खर्च! मग तफावत उरणार कुठून? म्हणून घानाची आणि नायजेरियाची ओळ शेजारी ठेवून लहान-मोठी ठरवण्याआधी, उरलेला आकडा कुणी कुठल्या रकान्यात ढकलला, ते विचारा.

आता कापूस, तिथेही हीच तफावत. दोनच मिनिटं. पेरा गुणिले पीक कापणी प्रयोगाचा उतारा, ही एक बाजू. जिनिंगमधून बाहेर पडलेल्या १७० किलोच्या गाठी, ही दुसरी. मधे काय होतं? पहिली वेचणी ओलसर, वजनाला जड. व्यापारी दारात काटा लावतो, रोख देतो, कच्ची चिठ्ठी फाडतो. आपण घाटाखालचे, माल जातो जळगावकडे. पिकला एका जिल्ह्यात, रुई-सरकी वेगळी झाली दुसऱ्यात. कुणी फरदड ठेवतो, ती कुठल्या वर्षात धरायची? आणि भाव पडला की कापूस माळवदाला टेकेपर्यंत घरात रचलेला असतो. अंगाला खाज सुटते, पण विकत नाही. (हशा) हिशेबाच्या भाषेत तो ‘साठ्यातील बदल’. तुमच्या खोलीत मोजायला कोण आलं होतं? सरकारचा कापसाचा अंदाज आणि व्यापाऱ्यांचा अंदाज दरसाल वेगळा असतो, त्यात नवल ते काय!

नाही, तलाठीभाऊसाहेबांवर माझा रोख नाही. ते समोरच बसलेत. (हशा) तीन खात्यांत गावं वाटून, दुपारच्या उन्हात पीक कापणीचा प्लॉट आखणाऱ्याला मी दोष देत नाही. वर बसून दशांश चिन्हापुढे दोन आकडे छापणाऱ्याला देतो. आणि आकड्यावर पैसे अवलंबून असले की मापाला हात लागतो, हे पैसेवारीत पन्नास पैशांच्या रेषेखाली-वर राहिलेल्या गावांना मी काय सांगावं?

चिठ्ठी आली. वेळ संपली म्हणतात. नायजेरियाची शिरगणती राहिलीच. १९६२ ची रद्द, १९६३ ची वादात, १९७३ ची पुन्हा रद्द; कारण डोक्यांवर प्रांतांच्या जागा आणि निधी. दरडोई उत्पन्न काढायचं, तर भागायचं कितीने? दहा मिनिटं हवी होती, कापसाने खाल्ली.

आता प्रश्न विचारा. फक्त पैसेवारी कधी लागणार, एवढं मला विचारू नका. (हशा, टाळ्या)