बंदूक मागू, पण हिशेबानं
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



ज्वारी हुरड्यावर आली की आपल्या घरातला एक माणूस रात्री घरी झोपत नाही. तो जागलीला जातो. हातात काठी आणि बॅटरी, सोबतीला कुत्रं. रानडुकरांचा कळप एका रात्रीत वावर आडवं करतो. पुढं कापूस वेचून घरात आला की चोराच्या भीतीनं पुन्हा जागायचं. अशा माणसानं ‘मला बंदूक पाहिजे’ म्हटलं, तर त्याचं चुकलं का? आम्ही म्हणतो, नाही चुकलं. पण ती कशासाठी, कुणावर आणि कुठवर, याचा हिशेब आज मांडू.

इंग्रजांनी 1878 साली हत्यारांचा कायदा केला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती, गोऱ्याला सूट. याची चीड इतकी होती, की 1931 च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला गेला. पुढं 1948 साली घटना समितीत ह. वि. कामथांनी हा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला, दुरुस्ती पडली. तेव्हा बंदूक हा आपला मूलभूत हक्क नाही. परवाना लागतोच.

पण परवाना म्हणजे साहेबाची मेहेरबानी नव्हे. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 13 वाचा. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि स्वसंरक्षणासाठी किमान वीस इंची नळीची साधी बंदूक यांचा त्यात वेगळा उल्लेख आहे. नाकारण्याची कारणं कलम 14 मध्ये दिली आहेत. त्यातलं कारण नसेल, तर या बंदुकांचा परवाना द्यावा, असं कायदा सांगतो. आणखी एक. अर्जदाराकडं पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. कोरडवाहू शेतकऱ्यानं हे वाक्य पाठ करावं.

आमच्यातल्या एकानं अर्ज केला. दोन वर्षं हेलपाटे घातले. शेवटी तोंडी उत्तर मिळालं, ‘तुला कशाला पाहिजे बंदूक?’ तो मान खाली घालून परत आला. तिथंच आम्ही चुकलो. नकाराची कारणं लेखी नोंदवावी लागतात, मागितली तर सांगावी लागतात आणि कलम 18 प्रमाणं अपील करता येतं. तोंडी नकार घेऊन घरी यायचं नाही.

आता दुसरी बाजू. परवाना मिळाला म्हणजे गोळी घालायचा परवाना मिळाला, असं नाही. वावरातून कापूस नेणारा चोर दिसला आणि तो पळतो आहे. त्याच्या पाठीत बार टाकला तर आरोपी आपण. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या 34 ते 44 या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. मालासाठी समोरच्याचा जीव जाईपर्यंत जाता येतं ते मोजक्या वेळीच. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा चोरी करताना आपल्या जिवावर बेतेल अशी रास्त भीती. तिथंही गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही.

जनावराचंही तसंच. 1972 च्या वन्यजीव कायद्यात उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला किंवा रोह्याला मारण्यासाठी अधिकृत वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं तर गुन्हा होत नाही. मात्र मेलेलं जनावर सरकारचं. त्याचे वाटे घालायचे नाहीत.

बिनपरवान्याच्या गावठी कट्ट्याचं तर नावच नको. 2019 च्या दुरुस्तीनंतर साधं हत्यारही विनापरवाना सापडलं, तर दोन ते पाच वर्षांची कैद आहे. लग्नाच्या वरातीत बार काढून कुणाचा जीव धोक्यात आणला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एवढ्यात एक वावर जाईल.

आणि एक गोष्ट सांगतो. आमच्या शिवारात एका रात्री ज्वारीत खसफस झाली. माळ्यावरच्या गड्यानं बंदूक उचलली, घोड्यावर बोट ठेवलं. शेजारी बसलेल्या त्याच्या बापानं नळी वर केली आणि हाळी दिली. उत्तर आलं, ‘काका, मी आहे!’ शेजारच्याचा पोरगा होता, सुटलेला बैल शोधत आला होता. त्या रात्री बापानं हाळी दिली नसती, तर दोन घरं बसली असती. एक पोराच्या दुःखात, दुसरं तुरुंगाच्या दारात.

म्हणून आज इथून तीन गोष्टी ठरवून उठू. ज्याला खरी गरज आहे त्यानं अर्ज करावा आणि पोच घ्यावी. नकार लेखीच मागावा, एकट्याला जमत नसेल तर गावानं सोबत जावं. आणि बंदूक आली तर ती कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, दारू प्यालेल्या हाताला कधी नाही. अंधारात हाळी दिल्याशिवाय, समोर काय आहे ते दिसल्याशिवाय बार नाही.

पीक गेलं तर पुढच्या मृगात पुन्हा पेरता येतं. माणूस पेरता येत नाही.