राखणीचे कुत्रे शिकवताना पाण्याची काळजी



मी कृषिविद्या शिकवणारा माणूस. कुत्र्याच्या विषयावर बोलायला उभा राहिलो म्हणून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. हा विषय खरे तर पशुवैद्यकांचा, आणि औषधोपचाराचे त्यांनीच सांगावे. पण पाणी केव्हा द्यावे, किती द्यावे आणि उशीर झाला तर काय होते, हा आम्हा कृषिविद्येच्या लोकांचा रोजचाच विषय आहे. गव्हाला मुकुटमुळे फुटताना, म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, पाण्याची पाळी चुकली तर पुढे कितीही पाणी दिले तरी झालेली घट पुरती भरून निघत नाही. पान मलूल दिसेपर्यंत थांबणारा शेतकरी उशीरच करतो. कुत्र्याच्या बाबतीत तर दिसायला मलूल पानही नसते.

आपल्या बीड जिल्ह्यात कामाचे कुत्रे पुष्कळ आहेत. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटच्या माळावर मेंढ्यांच्या कळपामागे कुत्रे असते, कारण लांडग्याचे भय आहे. गेवराई, माजलगावकडे ऊस आणि भुईमुगाच्या राखणीला रानडुकरांसाठी कुत्रे लागते. बहुतेक कुत्री गावठीच, काहींकडे लांब पायांची कारवानी. ऊसतोडीला दसरा-दिवाळीनंतर जी कुटुंबे बाहेर पडतात त्यांच्या गाडीच्या आखाखाली बांधलेले कुत्रेही आपण पाहतो. दुष्काळात चारा छावणी निघते, टँकर येतो, जनावरांची मोजदाद होते. त्या मोजदादीत कुत्रा कोणी धरत नाही. तक्रार म्हणून हे सांगत नाही. त्याच्या पाण्याचा हिशोब आपल्यालाच ठेवावा लागतो, एवढे लक्षात असू द्यावे.

आता अडचण अशी की, पिल्लू शिकवण्याचे काम आपण नेमके मार्च ते मे या महिन्यांत काढतो. रब्बीची काढणी झालेली असते, रान मोकळे असते, माणसाला सवड असते. आणि याच महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो.

माणसाला आणि बैलाला अंगभर घाम येतो, घाम वाळला की अंग थंड होते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजाच्या गाद्यांपुरताच. त्याची उष्णता बाहेर पडते ती धापांवाटे. जीभ, तोंड आणि नाकातला ओलावा वाफ होऊन जातो म्हणून. हा ओलावा अंगातल्या पाण्यातूनच येतो. म्हणजे कुत्रे धापा टाकते तेव्हा ते पाणी खर्च करत असते. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असल्याने धापांचा उपयोग चांगला होतो, पण पाणीही झपाट्याने संपते. पावसाळ्यात उलट होते: हवा दमट, धापा टाकूनही अंग थंड होत नाही. म्हणून भाद्रपदातल्या ढगाळ, कोंदट दिवशीही कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो. ऊन नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

यात एक गोष्ट चांगली आहे. घामावाटे माणसाच्या अंगातून मीठ जाते, तसे कुत्र्याच्या जात नाही. म्हणून रोजच्या कामासाठी त्याला मीठ-साखरेचे पाणी किंवा पुडीतली पावडर लागत नाही. साधे, स्वच्छ, गार पाणी पुरते.

मी वीस वर्षांपूर्वी विद्यार्थी असताना पाहिलेली एक गोष्ट सांगतो. माझ्या मामांकडे पाटोदा तालुक्यात खंड्या नावाचे दीड वर्षाचे कुत्रे होते. उन्हाळी भुईमुगात डुकरे येत होती म्हणून मामा त्याला बांधाच्या कडेने पळायला शिकवत होते. एप्रिल महिना, सकाळचे साडेदहा. मामा हाक मारत, खंड्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई आणि परत येई. तो एकदाही बसला नाही, विहिरीकडेही वळला नाही. मामा कौतुकाने म्हणाले, दमतच नाही गडी. थोड्या वेळाने त्याचे मागचे पाय लटपटले. तोंडातून चिकट लाळ लोंबू लागली. मी वाटीत पाणी नेले तर त्याने तोंड फिरवले. शेजारच्या वावरातून कोणीतरी ओरडले, पाण्याला भितंय, पिसाळलंय! झाले. दावे लांबवून त्याला बाभळीला बांधले, आणि कोणी जवळ गेले नाही. मीही गेलो नाही. दिवस मावळायच्या आत तो गेला.

पुढे महाविद्यालयात आल्यावर एका पशुवैद्यकांना मी हे सांगितले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: आदल्या दिवशी कुत्र्याचे वागणे कसे होते, आणि त्या सकाळी ते किती वेळ पळाले होते. आदल्या दिवशी ठीक होते, आणि पळाले दीड तास. डॉक्टर काही बोलले नाहीत. मला जे कळायचे ते कळले.

खंड्याने पाणी मागितले नाही, कारण चांगले कुत्रे मागत नाही. मालकाची हाक चालू आहे तोवर ते पळत राहते. जितके कुत्रे गुणी तितका हा धोका मोठा. आळशी कुत्रे आपले आपण सावलीत जाऊन बसते, त्याची काळजी नको. तेव्हा थांबायचे केव्हा आणि प्यायचे केव्हा, हे शिकवणाऱ्याने ठरवावे.

आता प्रमाण पाहू. स्वस्थ बसलेल्या कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मि.लि. पाणी लागते. २० किलोच्या कुत्र्याला हे एक ते सव्वा लिटर झाले. उन्हाळ्यात काम असेल त्या दिवशी हीच गरज दुप्पट-तिप्पट होते, म्हणजे अडीच-तीन लिटर धरावे. कुत्र्याला केवळ वाळली भाकरी घालत असाल तर सगळे पाणी भांड्यातूनच जायला हवे. भाकरी पाण्यात किंवा पातळ, अळणी ताकात कुस्करून घातली तर बरेचसे पाणी खाण्यातूनच पोटात जाते. मात्र उरलेल्या कालवणात कांदा असेल तर ते त्यात मिसळू नये. कांदा कुत्र्याला विषारी आहे.

शिकवायला निघण्यापूर्वी अर्धा तास आधी पावशेर, म्हणजे पाव लिटरभर पाणी पाजावे. भरपेट खाऊ घालून पळवू नये. खाणे आणि काम यांत दोन तासांचे तरी अंतर असावे. खोल छातीच्या कारवानीसारख्या कुत्र्यांत भरल्या पोटी पळाल्याने पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. काम चालू असताना दर १५-२० मिनिटांनी सावलीत थांबवावे आणि अर्धी वाटी पाणी पुढे ठेवावे. न प्यायल्यास जबरदस्ती नको, पण थांबणे चुकवू नये. काम संपल्यावर धाप थोडी बसू द्यावी, मग थोडे थोडे करून पाजावे. एकदम बादली पुढे ठेवली तर ते घटाघटा पिते आणि ओकते, म्हणजे होते तेही पाणी गेले.

पिल्लाला पहिल्या दिवसापासून एक सवय लावावी: हाक मारली की यायचे आणि वाटीत तोंड घालायचे. बसायला, थांबायला शिकवतो तसेच पाणी प्यायलाही शिकवता येते. सुरुवातीला पाण्यात चमचाभर ताक टाकावे, वासाने ते येते. पंधरा दिवसांत सवय लागते. पुढे माळावर कळपामागे असताना ही एकच सवय फार उपयोगी पडते, कारण मेंढपाळाच्या खांद्यावरच्या बाटलीतले पाणी कुत्रे परक्या भांड्यातही पिते.

वेळ सकाळी आठच्या आतली ठेवावी, नाहीतर दिवस कलल्यावरची. संध्याकाळी जमीन तापलेली असते हे विसरू नये. हाताची मागची बाजू जमिनीवर सात-आठ सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याचे पायही तिथे भाजणार. चार-पाच महिन्यांच्या पिल्लाला एका वेळी १० ते १५ मिनिटांहून अधिक राबवू नये. मोटारसायकलला बांधून पळवण्याची पद्धत काही तरुणांत आली आहे. ती मला मुळीच पसंत नाही. गाडीला दम लागत नाही, कुत्र्याला लागतो, आणि बसणाऱ्याला मागचे दिसत नाही. ससा किंवा काळवीट यांच्यामागे कुत्री सोडणे हा तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हाच आहे.

भांड्याविषयी मला, कृषिविद्येचा माणूस म्हणून, जरा जोरात बोलावेसे वाटते. कीटकनाशकाचा रिकामा डबा कापून त्यात कुत्र्याला पाणी ठेवलेले मी अनेक वस्त्यांवर पाहिले आहे. कितीही धुतला तरी तो डबा वापरू नये. फवारणी पंप धुतलेले पाणी सरीत किंवा खड्ड्यात साचले की तहानलेले कुत्रे पहिले तिथेच जाते. ठिबकमधून सोडण्यासाठी युरिया विरघळवलेले पिंप उघडे ठेवू नये. काळ्या प्लास्टिकच्या टोपल्यात उन्हात ठेवलेले पाणी दुपारी चहासारखे होते, ते कोण पिणार? दगडी कुंडी किंवा मातीचे पसरट भांडे झाडाच्या सावलीत, निम्मे जमिनीत पुरून ठेवावे. पाणी गार राहते आणि भांडे कलंडत नाही. टंचाईच्या दिवसांत तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे चालत नाही. पाणी डोक्यावरून आणणाऱ्या भगिनींना हे सांगताना संकोच वाटतो, पण आधी ते कुत्र्याला आणि उरलेले परसातल्या शेवग्याला, असे करता येईल.

पाणी कमी पडते आहे हे ओळखावे कसे? वरचा ओठ उचलून हिरडीला हात लावावा. ती ओलसर, गुळगुळीत असावी. चिकट किंवा कोरडी लागली तर पाणी कमी आहे. हिरडी अंगठ्याने दाबून सोडावी, पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडली की लगेच जागेवर गेली पाहिजे. तिची घडी तशीच उभी राहिली तर बरेच पाणी कमी झाले आहे. लघवी गडद पिवळी झाली तरी समजावे. दुकानातला साधा तापमापक घरात असावा. कुत्र्याचे तापमान गुदद्वारात घेतात. ते १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. उन्हात काम झाल्यावर ते १०४ च्या वर गेले आणि कुत्रे लटपटत असेल तर वाट पाहू नये. १०६ म्हणजे उष्माघात.

अशा वेळी कुत्र्याला सावलीत आणावे, गळ्यातला पट्टा सोडावा. पोट, काखा, जांघा आणि पंजे यांवर विहिरीचे साधे पाणी ओतत राहावे आणि उपरण्याने वारा घालावा. बर्फाचे पाणी नको. ओले पोते अंगावर टाकून ठेवू नये, आतली उष्णता कोंडते. शुद्धीवर असेल तरच घोट-घोट पाणी पुढे करावे. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतले तर ते फुप्फुसात जाते. माणसाची तापाची गोळी देऊ नये. हा ताप तसला नाही, आणि ती गोळी कुत्र्याला अपाय करते. तापमान १०३ पर्यंत उतरले की ओतणे थांबवावे आणि उठून बसले तरी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा एक-दोन दिवसांनीही वर येते.

राहिला पिसाळण्याचा प्रश्न. लाळ गळणे, लटपटणे, पाणी न पिणे ही लक्षणे उष्माघातातही दिसतात आणि रेबीजमध्येही. ऊन-मेहनतीनंतर घटकाभरात झाले तर उष्माघाताचा संशय अधिक. दोन-तीन दिवसांपासून वागणे बदललेले असेल, आवाज घोगरा झाला असेल, तर रेबीजचा. पण लस न टोचलेल्या कुत्र्याबाबत हा निवाडा आपण वावरात करू नये. तोंडाला हात लावू नये, दावे लांब ठेवून लांबूनच बादलीने अंगावर पाणी ओतावे. तेवढे करायला कोणाची हरकत नाही. चावा बसला किंवा लाळ जखमेला लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस घ्यावी. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, नंतर पशुवैद्यक सांगतील तेव्हा पुढची मात्रा आणि मग दरवर्षी, एवढे केलेले असेल तर संकटाच्या वेळी आपण न भिता त्याच्याजवळ जाऊ शकतो. खंड्याला लस टोचलेली नव्हती.

शेवटी शेततळ्याविषयी. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत आपल्याकडे तळी झाली, अनेकांत प्लास्टिकचे अस्तर आहे. तहानलेले कुत्रे पाण्यासाठी उतरते, अस्तरावर पाय घसरतो, आणि वर चढता येत नाही. कुंपण असले तरी पिल्लू खालून शिरते. एका बाजूला जुने जाळे किंवा गाठी मारलेला जाड दोर काठापासून पाण्याच्या तळापर्यंत सोडून ठेवावा, आणि वरच्या टोकाला तो खांबाला पक्का बांधावा. कुत्र्याला हाताशी धरून एकदा त्या जाळ्यावरून चढवून दाखवावे, म्हणजे वाट कुठे आहे ते त्याला कळते. तुमचे लहान मूल पडले तर त्यालाही तोच दोर सापडेल.