स्मृतीचें औषध आणि त्याची परीक्षा



घरांतील वडीलधाऱ्या माणसास आपल्याच मुलाचें नांव आठवेनासें झालें, म्हणजे साऱ्या कुटुंबाचा धीर खचतो. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनीं १९०६ सालीं ज्या मेंदूविकाराचें वर्णन केलें, तो उतारवयांतील अशा स्मृतिभ्रंशाचें प्रमुख कारण होय.

रक्तांत कोलेस्टेरॉल वाढलें असतां रक्तवाहिन्यांस व हृदयास अपाय होतो. तें कमी करणारीं स्टॅटिन औषधें मूळ बुरशीपासून निघालीं. जपानी संशोधक अकिरा एंडो हे त्यांचे आद्य शोधक. पुढें २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत असें दिसलें कीं, हीं औषधें घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळतो. साहजिकच आशा पालवली. एकाच गोळीनें हृदय व स्मृति दोन्ही राखतां येतील काय?

परंतु येथेंच ग्यानबाची मेख आहे. शिकवणीस जाणारीं मुलें बहुधा उत्तीर्ण होतात. पण तें यश शिकवणीचें कीं घरच्या शिस्तीचें, हें निकालपत्रक सांगत नाहीं. नियमितपणें औषध घेणारा मनुष्य आहारविहाराविषयींही दक्ष असतो. आणि ज्याची स्मृति ढळूं लागली, त्यास नवें औषध देण्याचें डॉक्टर पुष्कळदां टाळतात.

यास्तव चिठ्ठ्या टाकून निम्म्यांस औषध व निम्म्यांस तशीच दिसणारी औषधरहित गोळी द्यावी लागते. कोणास काय मिळालें, हें रोग्यास वा डॉक्टरास ठाऊक नसतें. ब्रिटनमध्यें २०,५३६ लोकांवर सुमारें पांच वर्षें अशी परीक्षा झाली. २००२ सालच्या निकालांत हृदयविकाराचे झटके व पक्षाघात घटलेले दिसले. स्मृतिभ्रंश मात्र दोन्ही गटांत सारखाच आढळला. रोग जडलेल्यांवर केलेल्या परीक्षांतही गुण आला नाहीं.

मग प्रश्न मिटला काय? तसें नाहीं. हा विकार लक्षणें दिसण्यापूर्वीं अनेक वर्षें मेंदूंत मूळ धरतो. त्यास पांच वर्षांची परीक्षा अपुरी. २०२४ सालीं ‘लॅन्सेट’च्या आयोगानें मध्यमवयांतील वाढत्या कोलेस्टेरॉलची गणना धोक्याच्या कारणांत केली. २०२० सालीं अमेरिकेंत पंचाहत्तरी गांठलेल्या वृद्धांवर नवी मोठी परीक्षा सुरू झाली, ती याच प्रश्नासाठीं.

म्हणून हृदयासाठीं डॉक्टरांनीं दिलेलें स्टॅटिन मनानें बंद करूं नये, आणि केवळ स्मृतीसाठीं तें मनानें सुरूही करूं नये. वृद्धांची वाढती विस्मृति ‘वयच झालें’ म्हणून सोडून न देतां त्यांस वेळींच डॉक्टरांकडे न्यावें, एवढीच विनंति.