वृद्धांच्या सेवेचे मोल



अंथरुणाला खिळलेल्या सासूला कुशीवर वळविणे, तिचे अंग पुसणे, पाठीला व्रण पडू नयेत म्हणून दर दोन तासांनी बाजू बदलणे, वेळेवर औषध व पेज देणे, रात्री दोन-तीनदा उठणे, ही कामे इस्पितळात परिचारिकेने केली तर तिला वेतन मिळते. तीच कामे घरी सुनेने केली म्हणजे ते तिचे कर्तव्य ठरते, आणि त्यापायी बुडालेल्या मजुरीचा हिशेब कोणीही ठेवीत नाही. अशा सेवेबद्दल कुटुंबातील व्यक्तीस सार्वजनिक निधीतून मोबदला द्यावा काय, हा प्रश्न अनेक देशांपुढे येऊन गेला आहे. त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत, म्हणूनच ती अभ्यासण्याजोगी आहेत.

आपल्याकडे कायद्याने मुख्यतः हयगय करणाऱ्याचा विचार केला आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या केंद्रीय अधिनियमान्वये वृद्ध आई-वडिलांना न्यायाधिकरणाकडे दाद मागून मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह रक्कम मिळविण्याची सोय झाली. लातूर जिल्हा परिषदेने तर २०२० साली, आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के रक्कम कापण्याचा निर्णय घेतला. हे सर्व योग्यच आहे. परंतु २००७ च्या अधिनियमात ‘मुले’ या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू व नात एवढेच येतात. सून येत नाही. कायदा नाव मुलाचे घेतो आणि पाणी तापवते सून! श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेची गोष्टही अशीच आहे. नाव कावड वाहणाऱ्या पुत्राचे. दरमहा १,५०० रुपये मिळतात ६५ वर्षांवरील निराधार वृद्धास, आणि ते मिळालेच पाहिजेत. मात्र त्या वृद्धाची शुश्रूषा करणारी व्यक्ती कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही.

या कामाचा भार कोणावर आहे, याची कल्पना राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या पाहणीवरून येते. १५ ते ५९ या वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांच्या देखभालीत भाग घेतात. पुरुषांचे प्रमाण २१.४ टक्के आहे. अशा स्त्रीची दिवसाची सुमारे १४० मिनिटे त्यात जातात, पुरुषाची ७४. यात मुलांचा सांभाळही आला, हे खरे. तरी प्रमाण बोलके आहे.

जर्मनीने १९९५ पासून शुश्रूषा विमा सुरू केला. परावलंबनाच्या पाच श्रेणी ठरविलेल्या असून, दुसऱ्या श्रेणीपासून पुढे घरच्या माणसाकडून सेवा घेणाऱ्या वृद्धास रोख रक्कम मिळते. २०२५ च्या दराने ती दरमहा ३४७ ते ९९० युरो होती. त्याऐवजी व्यावसायिक परिचारिका घेतली तर विमा निधी त्याच श्रेणींना ७९६ ते २,२९९ युरोपर्यंतचा खर्च देत असे. म्हणजे घरच्या हातांचे मोल तेथेही निम्म्याहून कमीच धरले गेले. शिवाय रोख रक्कम जाते ती वृद्धाच्या नावे. त्याने ती सेवा करणाऱ्यास द्यावी अशी अपेक्षा असते. तरीही या व्यवस्थेत दोन गोष्टी मोलाच्या आहेत. आठवड्यात किमान १० तास शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयाच्या निवृत्तिवेतनाची वर्गणी, ठरावीक अटींवर, विमा निधीतून भरली जाते. तसेच त्यास विश्रांती हवी असल्यास बदली माणसाचा खर्चही काही मर्यादेपर्यंत मिळतो. सासऱ्याची सेवा करण्यात ज्या स्त्रीची दहा वर्षे गेली, तिचे स्वतःचे म्हातारपण त्यामुळे अगदीच रिकामे राहत नाही.

जपानने २००० साली असाच विमा आणला, पण कुटुंबीयांना रोख पैसे देण्याचे सामान्यतः टाळले. त्यामागे स्त्रियांचाच आग्रह होता. हिगुची केइको यांच्या पुढाकाराने १९८३ साली स्थापन झालेल्या महिला संघटनेची भूमिका अशी होती की, घरात पैसे येऊ लागले तर सुनेला या कामातून सुटका मिळणारच नाही. ‘आता तर पैसेही मिळतात’ असे तिला ऐकविले जाईल. त्याऐवजी घरी येणारे सेवक आणि दिवसा वृद्धांना सांभाळणारी केंद्रे द्या, अशी त्यांची मागणी होती. हा आक्षेप आपल्या खेड्यांतील कोणाही स्त्रीला चटकन पटेल. मात्र जेथे येणारा सेवकच नाही, तेथे रोख रक्कमही नाकारली तर त्या सुनेच्या हाती काय उरते, याचे उत्तर जपानच्या अनुभवातून मिळत नाही.

ते काही अंशी केरळात मिळते. तेथील ‘आश्वासकिरणम्’ या योजनेत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी दरमहा ६०० रुपये ठरविण्यात आले. रक्कम शेतमजुरीच्या एक-दोन दिवसांइतकीच. परंतु ती मिळते सेवा करणाऱ्यास. खरा आधार मात्र दुसराच आहे. २००८ च्या उपशामक सेवा धोरणानंतर तेथे पंचायतींच्या पुढाकाराने परिचारिका अशा घरांना भेटी देऊ लागल्या. जखम कशी धुवावी, नळी कशी सांभाळावी, हे घरच्या बाईला कोणीतरी शिकविले.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींना नव्या योजनेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमात, अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी शुश्रूषा भत्त्याचा उल्लेख आहे, आणि पक्षाघाताने परावलंबी झालेले अनेक वृद्ध दिव्यांगत्वाच्या व्याख्येत बसू शकतात. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. पुष्कळ ठिकाणी तो वर्षाअखेर घाईने वस्तुवाटपात संपतो. त्यातून जाड गादी, पाण्याची गादी, चाकांची खुर्ची सामायिक ठेवता येईल. त्याआधी गावात अंथरुणाला खिळलेली माणसे किती, याची यादी आशा कार्यकर्तीच्या मदतीने ग्रामसभेपुढे यावी, आणि त्या यादीत आणखी एक रकाना असावा: सेवा कोण करते, आणि त्यासाठी तिने कोणते काम सोडले.